'उगंच'चं पारायण

हिवरमाळ, ता. भोकरदन
३ ऑगस्ट

सोमेश्वर भाऊजी,

नमस्कार लिहू का आशीर्वाद, हेच मला कळून न्हाई राह्यलं. तुम्ही मान घ्यायला बी इकडं येत न्हाईत अन् पाया पडायला बी न्हाई. म्हणून दोन्ही सोडून सरळ सुरू करते. मी उषा. तुमच्या दादाची बायको. तुमच्या पुस्तकात किसनरावाच्या बायकोला नावच न्हाई, नुसती 'बायको' हाय, चहा ठेवती अन् जाती. म्हणून माझं नाव आधीच लिहून टाकलं.

पत्ता अक्षतानं मिळवला. तुमची पुतणी आता संभाजीनगरला नर्सिंगला हाय. तिनं पुस्तकावरच्या प्रकाशकाला फोन केला, तर ते म्हणले सोमेश्वरराव फोन ठेवत नाहीत, पत्र लिहा. बरं बाबा, पत्र. दहावीनंतर मी हातात पेन धरला तो किराणा लिहायला. चुकलं तर हसा, पण वाचा.

तुमच्या 'उगंच'ला पुण्यात बक्षीस मिळालं ते पेपरात आल्तं. गावात बॅनर लागलं. त्याच्यावर तुमचा फोटो बारका अन् सर्जेरावचा मोठा. सरपंचकी गेली तरी त्यांचा फोटो काही लहान होत न्हाई. आता श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागती, ते तुम्हाला म्हाईत हाय. पुंजाराम बुवा वाचतात अन् अर्थ सांगतात, सगळं गाव ऐकतं. अवंदा सर्जेराव उठून म्हणले, "आपल्याच गावच्या पोराची पोथी असताना दुसऱ्याची कशाला?" झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौरंगावर लाल कापड टाकून तुमचं पुस्तक ठेवलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं, अन् पारायण सुरू झालं.

पहिले काही दिवस लई मजा आली, खोटं कशाला बोलू. किसनराव नावाचा धडधाकट माणूस. टपरीवर चहा पिता पिता सांगतो, मी सर्वपित्री अमावस्येला मरणार. आजार न्हाई, भांडण न्हाई. लोक विचारतात, का बरं? तो म्हणतो, "उगंच." आधी सगळे हसतात. मंग कुणी म्हणतं, मरणारच हाय तर लाकडं कोरडी हायत तवर आणून टाका. कुणी पाहुण्यांना कळवतं. देवळात बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी बी हसले.

मंग हसणं थांबलं, कारण पुंजाराम बुवांनी अर्थ सांगितला. म्हणले, "माणूस जगायला कारण धरतो, मरायला बी कारण धरतो. ह्या किसनरावानं कारणच सोडलं. ह्यालाच निष्काम म्हणतात. ही सगळ्यात वरची पायरी." म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. एक म्हातारी रडली. अन् मंग एक एक करून सगळ्यांनी मान वळवून तुमच्या दादाकडं बघितलं.

बघणारच की. चालताना डावा खांदा खाली टाकणारा, बोलायच्या आधी कान खाजवणारा, बैलाला "राजे" म्हणणारा माणूस गावात दुसरा कोण हाय?

तुम्ही एकदा या अन् सांगा की ही गोष्ट हाय, पोथी न्हाई. आईच्या दहाव्याचा राग धरून बसू नका. तुम्ही नदीवर सगळ्यांसमोर "मुंडण करणार नाही, ह्या कशालाच काही अर्थ नाही" म्हणलात, अन् ह्यांनी थोबाडीत मारली. चुकलंच ते. पण तुम्ही बी त्या दिवशी गप बसायचं होतं.

उषा वहिनी


हिवरमाळ
१९ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं उत्तर न्हाई. पोस्टमन आला की मी दारात जाऊन उभी राहते, तो लाईटबिल देऊन जातो.

इकडं तुमच्या दादाचा रुबाब वाढलाय. देवळात त्यांना पुढं बसवतात, सतरंजीवर. आयुष्यभर हा माणूस चपलांच्या जवळ बसला, सभा असो का लग्न. आता लोक जागा देतात. रस्त्यात बाया लेकरांना त्यांच्या पाया पडायला लावतात. शेजारची गिरिजाबाई रोज काहीतरी करून आणती, पुरणाचं, शेवयाचं. मी म्हणलं, काय गं, रोज कशाला? तर म्हणती, "खाऊ द्या वहिनी, आता किती दिवस." मी तिच्या हातातून ताट घेतलं अन् तसंच म्हशीपुढं टाकलं. तर दुसऱ्या दिवशी दुसरं ताट.

मला आधी वाटलं गावाला येड लागलंय, ह्यांना न्हाई. म्हणून मी मागच्या आठवड्यात ह्यांना सरळ विचारलं, "तुमच्या डोक्यात काय चाललंय?" ते कान खाजवून म्हणले, "सोम्यानं मला किती बघितलंय गं. मला वाटायचं तो खाली मान घालून पुस्तकच वाचतोय. मी बैलाशी काय बोलतो ते बी त्यानं ऐकलंय."

मी म्हणलं, ऐकलं तर ऐकलं. पण ते पुस्तक हाय.

"मी त्याला चार माणसांत मारलं," ते म्हणले. "आईच्या दहाव्याला. तो एक शब्द बोलला न्हाई, निघून गेला. अन् इतक्या वर्षांनी त्यानं मला ही गोष्ट दिली. आता त्याच्या गोष्टीला नको म्हणायला मला तोंड कुठंय?"

भाऊजी, हा माणूस रागावून बोलला असता, रडला असता, तर मी काहीतरी केलं असतं. हे तर लग्नाचं बोलणं झाल्यासारखं निवांत बोलून राह्यले.

अक्षता आल्ती. तिनं बापाला उचलून संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. ते बी निमूट गेले. डॉक्टरनं रक्त बघितलं, छाती बघितली, डोक्याच्या डॉक्टरनं बी बघितलं. सगळे म्हणले, काही झालेलं न्हाई. एकदम ठणठणीत. ते गावात कळलं तर पुंजाराम बुवा काय म्हणले? "पुस्तकात बी हेच हाय. किसनरावाला काहीच झालेलं नसतं." आता बोला.

पोथी रोज थोडी थोडी वाचतात, सर्वपित्रीपर्यंत पुरवायची म्हणे. भाऊजी, या. नसेल यायचं तर दोन ओळी लिहा, शेवट लिहा. पुस्तकाची शेवटची पानं कोरी हायत ते मी बघितलंय. तिथं काहीतरी चांगलं लिहून पाठवा. तुम्हाला काय लागतं लिहायला?

उषा


पुणे
३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसलो. दुसरं वाचून हसू आलं नाही, पण विश्वासही बसला नाही. गाव कंटाळलेलं असतं, पावसाळ्यात जास्त. नवरात्र आलं की लोक हे विसरतील.

मला येता येणार नाही. राग म्हणून नव्हे. ती थोबाडीत कुठल्या गालावर बसली तेही आता आठवत नाही. पण मी आलो तर मला समजावून सांगावं लागेल, आणि मी गेली वीस वर्षं जे लिहितोय ते एवढंच की समजावून सांगण्यासारखं काही नसतं. माणूस 'का?' विचारतो आणि उत्तर द्यायला तिथं कुणी बसलेलं नसतं. तरीही सकाळी उठून चहा टाकायचा. मी नोकरी सोडली, लग्न केलं नाही, फोन टाकून दिला, ते ह्याच विचारानं. तुम्हाला हे आळशीपणाचं वाटेल. वाटू द्या.

शेवटची पानं मी मुद्दाम कोरी ठेवली. शेवट लिहिला असता तर 'तो मेला, म्हणून' किंवा 'तो वाचला, म्हणून' असं काहीतरी झालं असतं. मला ते 'म्हणून' नको होतं. आता भीतीपोटी ती पानं भरली तर आख्खं पुस्तक खोटं पडेल. एवढं मागू नका.

दादाला मात्र एक सांगा. त्याचं चालणं घेतलं, कान खाजवणं घेतलं, बाकी त्यात तो कुठंही नाही. किसनराव मीच आहे. मरणारा मीच आहे आणि तो दिवसही माझाच आहे. प्रत्येक लेखक हेच सांगेल.

आणि खरं सांगू? माझं पुस्तक इतके लोक रोज एकत्र बसून ऐकताहेत, हे वाचून मला बरं वाटलं. इथं बक्षीस देणाऱ्यांनीही ते पूर्ण वाचलं असेल की नाही, शंका आहे.

तुमचा
सोमेश्वर


हिवरमाळ
७ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमननं ते देताना दोन्ही हातांनी दिलं, प्रसाद दिल्यासारखं. गावभर झालं की सोमेश्वरचं पत्र आलं.

मी ह्यांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मंग हसून म्हणले, "लहानपणी बी असाच होता. मार खायची पाळी माझी आली की मीच केलं म्हणायचा." अन् उठून गोठ्यात गेले. तुम्ही लिहिलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच न्हाई.

अन् तुम्हाला बरं वाटलं. वाचा की एकदा स्वतः काय लिहिलंय ते. तुमचा भाऊ मरायला बसलाय, अन् तुम्हाला बरं वाटलं! अर्थ न्हाई म्हणता. मला कवा वाटलं अर्थ हाय म्हणून? पहाटे म्हशीखाली बसते तवा मी अर्थ शोधत न्हाई. पण तो माणूस दारात उभा राहून "चहा झाला का" म्हणतो ते मला पाहिजे. मला तेवढंच पाहिजे, भाऊजी, दुसरं काही न्हाई.

परवा ते म्हणले, चल, जालन्याला जाऊ. मला वाटलं दिवाळीचं कापड, अन् मन जरा हलकं झालं. जुन्या जालन्यात महेमूदभाईच्या दुकानी गेलो. आपल्या घरचं सगळं कापड तिथलंच, माझ्या लग्नाचं बी. महेमूदभाईनं चहा मागवला, अक्षताची चौकशी केली. ह्यांनी चहा पिऊन सांगितलं, "पांढरं दाखवा. मांजरपाट. शिवायचं न्हाई, अंगावर टाकायचं."

महेमूदभाईचा चेहरा पडला. "या अल्ला. किसका हुआ?"

"अजून कुणाचं न्हाई. माझंच हाय. सर्वपित्रीला."

महेमूदभाईनं आधी ह्यांच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मला रडू आलं अन् मी तोंड फिरवलं. त्यांनी ताग्यावर ठेवलेली कात्री उचलली अन् गल्ल्यात टाकून गल्ला लावून घेतला. म्हणले, "रामकिसनभाई, जीते आदमी का कपडा मै नै फाडता. मेरे बाप ने नै फाडा, मै बी नै. घर जाव. भाभी, इनको लेके घर जाव."

ह्यांनी हात जोडले, वाईट मानलं न्हाई. बाहेर आलो. मी म्हणलं, चला आता. ते म्हणले, थांब. बाजूच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं काही विचारलं न्हाई. मोजून फाडून दिलं, अन् वर म्हणला, दोन पंचे घेतले तर सवलत बसंल.

येताना बसमध्ये ती पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

मी पोलीस ठाण्यात बी जाऊन आले, हे त्यांना म्हाईत न्हाई. साहेबांनी विचारलं, कुणी मारीन म्हणलं का? न्हाई. मालक जीव देतो म्हणले का? ते बी न्हाई. मंग कोण म्हणलं? मी म्हणलं, पुस्तकात लिहिलंय. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच दिलं.

उषा


हिवरमाळ
१७ सप्टेंबर

भाऊजी,

पाहुणे यायला लागले.

तुमचे मामा आले, चुलत मावशी आली. माझ्या माहेरून रामप्रसाद आला, माझा सख्खा भाऊ. त्याच्या पिशवीत टॉवेल-टोपी अन् माझ्यासाठी पांढरी साडी. दुखवट्याची! मी त्याला दारातच धरलं. म्हणलं, तुला लाज न्हाई वाटत? तुझा मेव्हणा जिवंत तुझ्यासमोर बसून तंबाखू मळून राह्यलाय. तो खाली मान घालून म्हणला, "ताई, सगळेच आणून राह्यले. मी एकटा रिकाम्या हातानं आलो असतो तर चांगलं दिसलं असतं का?"

हे असं हाय बघा. कुणाच्या मनात वाईट न्हाई. एकाला विचारलं तर तो म्हणतो मला कुठं वाटतंय तसं, पण गाव म्हणतंय. सर्जेराव म्हणतात, मी तर मानतच न्हाई, पण पोथी अर्धी गुंडाळली तर गावाला बाधतं, एवढी समाप्ती होऊ द्या. गिरिजाबाई म्हणती, काही होत न्हाई हो वहिनी, दिवस जाईल निघून. अन् लगेच विचारती, चूल बाहेर मांडायची का मागं?

पण कसं होणार, हे कुणीच बोलत न्हाई. ज्याला त्याला वाटतं की दुसऱ्याला म्हाईत हाय.

काल मी विहिरीवर गेल्ते. देवळामागची, सार्वजनिक. पाऊस लई झालाय, पाणी वरच्या पायरीला लागलंय. तिच्यावरची लोखंडी जाळी काढून भिंतीला उभी करून ठेवलेली. मी तिथं धुणं धुणाऱ्या बायांना विचारलं, कुणी काढली? त्यांना म्हाईत न्हाई. बबलूला विचारलं, सर्जेरावच्या पुतण्याला. तो म्हणला, गाळ काढायचाय म्हणे. भरल्या विहिरीतून गाळ कोण काढतं, भाऊजी? मी एकटीनं ती जाळी ओढत नेली अन् परत टाकली. हाताची सालटं निघाली. आज सकाळी बघितलं तर पुन्हा भिंतीला.

हे जेवण कमी करून राह्यले. बैल रामप्रसादच्या हवाली केले. त्यांनी बैलांना "राजे, येतो" म्हणलं, ते मी कानानं ऐकलं.

मी शेवटचं लिहिते. तुमच्या पुस्तकाला खोटं पाडा. एका माणसासाठी पाडा. पुस्तक तुम्ही दुसरं लिहाल, मी नवरा कुठून आणू? रविवारी सकाळी समाप्ती हाय. शनिवारच्या गाडीनं या. गाडीतून उतरून नुसतं देवळात येऊन उभे राहा. मंग तुमचं कोणतंच बोलणं मी कवाच टाळणार न्हाई.

उषा


हिवरमाळ
२२ सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही आले न्हाईत. शनिवारची शेवटची गाडी गेली तवर मी फाट्यावर उभी होते.

तुमचे दादा जिवंत हायत. हे आधी लिहिते, कारण ते तुम्ही आधी विचारलं असतं, निदान मला तसं वाटतं. आत्ता ओसरीवर बसून गुळाचा चहा पिऊन राह्यले. आता कसं झालं ते ऐका, अन् नीट ऐका.

काल सकाळी त्यांनी आंघोळ केली, नवं धोतर नेसले. माझ्याकडं बघून म्हणले, "तुला काही कमी केलं न्हाई ना मी?" मी त्यांचं उपरणं सारखं केलं. बोलले असते तर किंचाळले असते. आम्ही देवळात गेलो. एवढी माणसं मी यात्रेला बी बघितली न्हाईत. तरी आवाज न्हाई. लेकरं बी गप.

पुंजाराम बुवांनी शेवटचं पान वाचलं. किसनराव आंघोळ करून बाजेवर बसतो. अंगणात पाहुणे बसलेले हायत. कुणीतरी खोकतं. संपलं. पुढं कोरी पानं. बुवांनी एक एक कोरं पान उलटून सगळ्यांना दाखवलं, आरती फिरवल्यासारखं. म्हणले, "पुढं लिहिलेलं न्हाई. म्हणजे पुढं करायचं असतं."

सर्जेराव उठले. म्हणले, "चला." कुठं, ते न्हाई म्हणले. सगळे उठले. तुमचे दादा उठले. सगळ्यांची तोंडं देवळाच्या मागच्या दाराकडं वळली, कुणी सांगितलं नसताना.

मी बायांतून उठले अन् पुढं गेले. माझ्या पदराला तुमचं पत्र बांधलेलं होतं. मी ओरडले, "पोथीची समाप्ती व्हायची हाय! लिहिणाऱ्याचं पत्र माझ्याकडं हाय, ते वाचल्याशिवाय समाप्ती कशी?" पुंजाराम बुवा थबकले. पत्र आलंय हे तर गावाला म्हाईतच होतं. म्हणले, वाच पोरी.

मी वाचलं. "किसनराव मीच आहे. मरणारा मीच आहे आणि तो दिवसही माझाच आहे."

भाऊजी, मी एक अक्षर पदरचं घातलं न्हाई. तुम्ही लिहिलं तेवढंच वाचलं. पुढचं, ते लेखक लोक असंच म्हणतात वगैरे, ते न्हाई वाचलं.

सर्जेरावनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, अक्षर ओळखलं, अन् बुवांना दिलं. बुवांनी डोळे मिटले. मला वाटलं आता काय म्हणतात. ते म्हणले, "बरोबर हाय. आपलंच चुकलं. स्वतःचा दिवस त्यानं भावाच्या अंगणात ठेवला, अन् आपण भावालाच धरून बसलो. आता हा दिवस त्याचा हाय. तो इथं न्हाई म्हणून आज होणार न्हाई. पुढच्या अवसेला होईल, दिवाळीच्या."

लोकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मंग सगळे बोलायला लागले. पंगत बसली. रामप्रसादनं टॉवेल-टोपी परत पिशवीत घातली, अन् पिशवी न्हाई उचलली, आमच्या खुंटीला अडकवून ठेवली. ह्यांनी पोटभर खाल्लं. माझ्या हातची भाकरी मागून घेतली.

तुमचं पत्र मला परत मिळालं न्हाई. पाकिटासकट पोथीत ठेवलंय. पाकिटावर तुमचा पत्ता हाय.

मला माफ करा असं मी लिहिणार न्हाई. मी तुम्हाला किती हाका मारल्या. माझा नवरा मला पाहिजे होता, अन् तो मला मिळालाय. एवढंच कळकळीनं सांगते, आता इकडं येऊ नका. कुणी बोलवलं तरी न्हाई, सत्कार म्हणलं तरी न्हाई, वाटणी म्हणलं तरी न्हाई.

उषा


हिवरमाळ
१६ ऑक्टोबर

भाऊजी,

घाईत लिहिते. हे पत्र मी भोकरदनला जाऊन स्पीड पोस्टानं टाकून राह्यले, घरात दळण आणते म्हणून सांगितलंय.

मला वाटलं होतं महिन्यात सगळं विरून जाईल. न्हाई विरलं. नवं बॅनर लागलं, ह्यावेळी तुमचा फोटो मोठा अन् सर्जेरावचा बारका. मारुतीच्या देवळात तुमचा फोटो लावलाय, रोज हार बदलतात. अवस जवळ आली तशी माणसं पुन्हा हळू बोलायला लागलीत. जाळीचं मी आता बघायला बी जात न्हाई.

पण मी लिहून राह्यले ते त्यासाठी न्हाई. तुमच्या दादासाठी. त्यांनी तुमची खोली झाडून घेतली, चुना मारला. बाजेला नवी सुतळी भरली. रोज म्हणतात, "सोम्या तिकडं एकटा हाय. असल्या वेळी माणसानं आपल्या माणसांत पाहिजे." मी म्हणलं, अहो, तुमची सुटका झाली तेवढं बघा. तर माझ्याकडं रोखून बघितलं. म्हणले, "मी मारलं तवा तो एकटा निघून गेला. आता न्हाई जाऊ देणार. मी त्याला हाताला धरून आणीन, अन् शेवटपर्यंत हात सोडणार न्हाई."

त्यांच्या मनात तुमच्याबद्दल इतकी माया मी आजवर कवा बघितली न्हाई. त्याचीच मला भीती वाटून राह्यली.

परवा सकाळी निघणार हायत. सर्जेरावची गाडी, बबलू चालवणार. पुंजाराम बुवा, रामप्रसाद, अन् तुमचे दादा पुढच्या सीटवर. पाकिटावरचा पत्ता बबलूनं मोबाईलमध्ये घालून ठेवलाय. प्रकाशकाला अक्षतानं कालपासून फोन लावलेत, कुणी उचलून न्हाई राह्यलं. हे पत्र आधी पोचतं का गाडी आधी पोचती, मला म्हाईत न्हाई.

मिळालं तर लगेच खोली सोडा. कुठंही जा, कुणाला सांगू नका, मला बी न्हाई. अन् सोडायला वेळ न्हाई मिळाला, तर आतून कडी लावा, दिवा बंद करा. अनोळखी माणसानं दार वाजवलं तर एक वेळ उघडा. तुमच्या दादानं हाक मारली, "सोम्या, चल घरी" म्हणले, रडले, तरी उघडू नका.

उषा